पुणेमार्गे गोष्ट

सानवीच्या टॅबवर व्याह्यांचा फोटो आहे आणि माझा नाही, हे कळलं तेव्हा माझ्या पोटात दुखलं. कबूल करतो. सानवी म्हणजे माझी पाच वर्षांची नात, मस्कतला असते. व्याही, आप्पा, पुण्याला. त्यांनी घरात सर्व्हर बसवून त्यात स्वतःच्या आवाजातल्या गोष्टी भरल्या. पोरगी शाळेतून आली की त्यांच्या फोटोवर बोट ठेवते, आणि आप्पा सुरू.

"बाबा, तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा ना," माझी लेक ऋतिका म्हणाली.

म्हणजे त्यांचं दुकान आणि मी फेरीवाला होय? अलोऱ्याला कोयनेच्या कॉलनीत तीस वर्षं वायरमन होतो मी. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर काढला, पुसला, आठ दिवसांत सर्व्हर उभा केला. सात गोष्टी रेकॉर्ड केल्या. घरातल्या फोनवर लख्ख ऐकू येत होत्या, मस्कतहून मात्र शिंच्या लागेनात.

इंटरनेटवाला रितेश येऊन बघून गेला. "काका, आपल्या अख्ख्या आळीला मिळून बाहेर इंटरनेटचा एकच पत्ता आहे. बाहेरून कोणी आलं तर कुणाच्या घरी पाठवायचं ते कळत नाही, म्हणून कंपनी आत सोडतच नाही. आतून बाहेर खुशाल जा."

"मग मला वेगळा पत्ता दे."

"घरगुती कनेक्शनला आमच्याकडे नाही मिळत."

पुण्यात आप्पांना मिळतो. मिळणारच. त्यांना सगळंच मिळतं.

ऋतिकाने तिकडे सांगितलं असणार, कारण दुसऱ्याच दिवशी आप्पांचा फोन. "हरिभाऊ, सोपं आहे. तुमच्या मशीनने आतून माझ्या मशीनला लाइन लावून ठेवायची. सानवी माझ्याकडे येईल, मी तिला त्या लाइनने तुमच्याकडे सोडीन."

म्हणजे नातीने माझ्याकडे यायचं ते यांच्या ओटीवरून. अंगाची लाही लाही झाली. पण रोज दुपारी ती त्यांच्याच फोटोवर बोट ठेवत असेल, हे डोळ्यांपुढून हलेना. चार दिवसांनी बरं म्हटलं.

आणि लागलं की. माझाही फोटो टॅबवर आला. कुठली गोष्ट किती वेळा ऐकली याची यादी मशीन ठेवतं, ती मी सकाळी चहाबरोबर वाचायचो. पंधरा दिवस मजेत गेले. मग एका सोमवारी यादी कोरी. मंगळवारीही कोरी. माझ्याकडे सगळं ठीक होतं, म्हणून आप्पांना फोन लावला.

"तुमच्याकडे काही बंद पडलंय का?"

त्यांनी आधी पाऊसपाण्याची चौकशी केली. मग म्हणाले, "मी तुमची लाइन काढली, हरिभाऊ."

"का?"

"यादी माझ्याकडेही असते. पंधरा दिवसांत तिने माझी एकही गोष्ट लावली नाही. तुमच्या दिवसातून तीन-तीनदा."

मला इतका आनंद झाला की खुर्चीतून उठून उभाच राहिलो. रागवायचं राहून गेलं. पण लाइन त्यांच्या हातात होती.

"लावा परत," मी म्हटलं. "पुढच्या गोष्टीत तुम्हाला घालतो."

त्यांनी लाइन लावली, मी त्यांना घातलं. मांडवीच्या किनाऱ्यावरचा खेकडा केला त्यांचा, नाव सरळ पुण्याचे आजोबा. डोळ्यांवर चष्मा, येणाऱ्या प्रत्येक लाटेला शिस्त शिकवतो आणि प्रत्येक लाटेत उताणा पडतो. महिन्याभराची जळजळ त्यात ओतली. रेकॉर्ड करताना आमची ही आतून म्हणाली, "जरा हळू बोला, शेजारी ऐकतायत."

त्याला आता आठवडा झाला. यादीत सगळीकडे खेकडाच. बाकी सात गोष्टींना कोणी हात लावलेला नाही. काल सानवीला फोनवर विचारलं, दुसरी छानशी गोष्ट करू का तुझ्यासाठी?

"नको आबा. पुण्याच्या आजोबांचीच कर. ते पुढे काय करतात?"

तर आज सकाळपासून खेकड्याचा दुसरा भाग करत बसलोय. मोठ्या लाटेबरोबर त्याला कायमचा आत पाठवावा, असं दोनदा मनात आलं. पण पोरगी रडेल.