पुरायची कुदळ

मी एक जुनी कुदळ आहे. मित्रांनो, कुदळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे शेत येईल, बांध येईल. मी त्यातली नव्हे. मी पुरायची कुदळ आहे. नंदुरबारहून नवापूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव आहे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीच्या चर्चमागे, पत्र्याच्या पडवीत मी राहते. गावात कुणी गेलं की मला बाहेर काढतात, खड्डा खणून झाला की धुतात आणि पुन्हा कोपऱ्यात उभी करतात. मला घरी कुणी नेत नाही, शेतात तर मुळीच नाही. कोंबड्यासुद्धा माझ्या सावलीला बसत नाहीत, असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. कोंबड्या बसतात. माणसंच बसत नाहीत.

माझा जन्म नंदुरबारच्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. मोडीत निघालेल्या ट्रकच्या पाट्यातून त्यानं मला घडवलं. मला वाटलं होतं, आता मिरचीच्या शेतात जाऊ, वाफे करू, हिरवं काहीतरी पाहू. पण मला विकत घेतलं रूपसिंगभाऊंनी. ते चर्चचे पंच, आणि कबर खणायचं कामही तेच करायचे. तेव्हापासून माझं नशीब ठरून गेलं.

रूपसिंगभाऊ माणूस भला, काम चोख. कबर भरून झाली की ते मला उलटी धरून माती दाबून दाबून बसवायचे, म्हणजे पावसाळ्यात खचायला नको. त्यांच्या या चोख कामावर एकदाच कुणीतरी बोट ठेवलं. ती तापीबाई होती.

तापीबाईचा मुलगा कुंदन ऐन उमेदीत तापानं गेला. ऊसतोडीला गुजरातेत गेला होता, आला तो अंगात ताप घेऊनच. त्याची कबर मीच खणली. चर्चच्या पाळकांनी शास्त्र वाचलं, "ख्रिस्त उठला म्हणून आपणही उठू" असं सांगितलं, सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. मग रूपसिंगभाऊ मला घेऊन माती दाबू लागले. तशी तापीबाई पुढे आली.

"रूपसिंग भाऊ, तो उठाव शे म्हनतस ना तुम्ही? मंग माती इतली दाबी दाबी कसाले भरी ऱ्हायनात?"

रूपसिंगभाऊंचे हात थांबले, मग त्यांनी मान खाली घालून उरलेलं काम आटोपलं. त्या दिवसापासून तापीबाई मला पाहिलं की तोंड फिरवायची. उपासनेला यायची, पण पडवीच्या बाजूनं कधी यायची नाही. मला फार लागायचं. मी का तिचा मुलगा नेला होता? पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं, म्हणून मी गप्प राहायची.

आता यंदाच्या शनिवारची गोष्ट ऐका. नाकर्त्याचा वार शनिवार म्हणतात, पण ईस्टरच्या आदल्या दिवशीचा शनिवार आमच्या वस्तीत भारी कामाचा. रविवारी पहाटे सगळे जण कबरस्थानात जमून पुनरुत्थानाची उपासना करतात, म्हणून आदल्या दिवशी कबरी झाडायच्या, खचलेल्यांवर माती घालायची आणि चुना द्यायचा, असा रिवाज आहे. एवढ्या एका दिवशी मला कुणाच्या मरणावाचून ऊन दिसतं. वस्तीतल्या बाकी कुदळी आणि फावडी मात्र शेजारच्या शेतातल्या विहिरीत उतरली होती. शेत नवनीतभाऊंचं. पाणी आटलं म्हणून ते विहीर खोल करून घेत होते आणि ते काम आमच्याच वस्तीतल्या आमशानं घेतलं होतं.

दुपार कलली होती. रूपसिंगभाऊ कुंदनच्या कबरीजवळ मला टेकून उभे होते. कबर मध्ये खचली होती. तापीबाई चुन्याची बादली घेऊन लांब बसली होती, माझ्याकडे पाठ करून. तेवढ्यात विहिरीकडून धाडकन आवाज झाला आणि धुळीचा लोट वर आला. आमशाचे जोडीदार पाणी प्यायला वर आले होते, तेच ओरडत सुटले. मुरमाची एक बाजू ढासळली होती. आमशा खाली होता.

सगळे धावले. रूपसिंगभाऊ मला हातात धरूनच धावले, सोडायचं त्यांना सुचलंच नाही. विहिरीत डोकावलं तर नुसता मातीचा ढीग. अवजारं त्याच ढिगाखाली गाडली गेली होती. आमशाची बायको रंजनाबाई काठावर गुडघे टेकून हाका मारत होती. मग खालून आवाज आला. टक्. टक्. आमशा पहारीनं दगडावर ठोकत होता. जुन्या बांधकामाच्या दगडांच्या आडोशाला तो अडकला होता, पण जिवंत होता.

नवनीतभाऊंनी फोन लावला. "जेसीबी येई ऱ्हायनं!" ते म्हणाले. पण आमशाचे जोडीदार ओरडले की एवढं वजन काठावर आलं तर उरलेली बाजूही खाली बसेल. हातानंच खणायला हवं होतं, आणि तेही लगेच. गावातून दुसरी कुदळ शोधून आणायची तर केवढा वेळ जाणार! सगळ्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली.

रंजनाबाई किंचाळली, "ती कुदळ लावू नका! ती मुडदा पुराना कामनी शे. मन्हा माणूस आजून जित्ता शे!"

रूपसिंगभाऊंनी मला मागे घेतलं. एवढे पंच, एवढं शास्त्र ऐकलेले, पण तेही म्हणाले, "तिनं म्हननं खरं शे. या कुदळनी आजपावत कोनले भाईर काढेल नही."

खाली टक् टक् चालू होतं. वर कुणी हलत नव्हतं. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते. मी लोखंड आहे हो! मला कुठं ठाऊक, माती मेलेल्यावर घालायची की जिवंतावरून काढायची? ते तर हात ठरवतात. आणि तेवढ्यात खालचं ठोकणं थांबलं.

तापीबाई पुढे आली. चुन्यानं पांढऱ्या झालेल्या हातांनी तिनं मला रूपसिंगभाऊंच्या हातातून ओढून घेतलं. इतके दिवस जिनं माझ्याकडे पाहिलं नव्हतं, तिनं मला घट्ट धरलं.

"मंग आज काढी," ती म्हणाली, आणि लुगडं खोचून दोरानं खाली उतरली.

जागा एकाच माणसापुरती होती. ऊसतोडीनं घडलेले तिचे हात भराभर चालू लागले. मी माती ओढायची, ती पाटी भरायची, वरचे लोक पाटी ओढून घ्यायचे. मध्येच बाजूचा मुरूम भुरभुरायचा आणि वरून बायका "मावशी, वर ये!" म्हणून ओरडायच्या. ती मान वर करत नव्हती. "आमशा! ठोक रे बाबा, ठोक!" खालून काहीच येत नव्हतं.

खरं सांगते, मला माझीच भीती वाटत होती. माझं पातं धारदार. एखादा घाव जोरात बसला आणि खाली आमशाचं डोकं असलं तर? मग रंजनाबाईचे शब्द कायमचे खरे ठरले असते. एकदा मी दगडावर आपटले. तो दगड हलला आणि फटीतून बोटं दिसली. धुळीनं माखलेली, न हलणारी. तापीबाईनं मला हळूच बाजूला ठेवलं आणि हातांनी माती उकरू लागली. तिची नखं फुटली. मग तिनं ती बोटं धरली आणि आम्ही दोघी वाट पाहत राहिलो. बोटांनी तिचा हात दाबला.

वर एकच कल्लोळ झाला. आमशाला दोरानं वर घेतलं तेव्हा ऊन अजून होतं. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. हात मोडला होता, श्वास चालू होता. त्याला दवाखान्यात नेलं, रंजनाबाई बरोबर गेली. मला घेऊन वर आलेली तापीबाई विहिरीच्या काठावर बसली आणि मोठ्यानं रडली. तिच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. हा निघाला. माझा नाही निघाला.

रविवारी पहाटे कबरस्थानात मेणबत्त्या लागल्या, गाणी झाली. "तो येथे नाही, तो उठला आहे," हे पाळकांनी वाचलं. उजाडता उजाडता एक जीप रस्त्यावर थांबली आणि रंजनाबाई धावत आली. तिनं तापीबाईचे पाय धरले.

"मावशी, तो बोलना! चहा पिना! मन्हा माणूस मरेलमाईन उठना!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तापीबाईनं तिला उठवून जवळ घेतलं.

"नही वं बाई. आमशा मातीमाईन निंघना. आते तो मातारा हुई, नातवंडं खेळाडी, आनि मंग एक दिन त्यानाकरता बी कोनी खड्डा खंदी. पन मन्हा कुंदन उठी ना, तो परत मराव नही. मी त्यानी वाट दखी ऱ्हायनू."

टाळ्या थांबल्या. मीही चकित झाले. इतक्या वर्षांत इतकी वचनं माझ्यासमोर वाचली गेली, पण पुनरुत्थान म्हणजे काय ते मला त्या पहाटे समजलं. खड्ड्यातून परत येणं ही सुटका आहे, आणि तिच्याबद्दल देवाचे आभारच मानावेत. पण मरणालाच मागे टाकून जाणं, ही गोष्टच वेगळी.

आदल्या दिवशीच्या धावपळीत कुंदनची कबर तशीच खचलेली राहिली होती. रूपसिंगभाऊंनी तिच्यावर माती घातली, मला उलटी धरली आणि अवघडून उभे राहिले. मग ते अगदी हलक्या हातानं, चोरून केल्यासारखं, थोपटू लागले. तापीबाई माझ्याकडे पाहत होती. या वेळी तिनं तोंड फिरवलं नाही.

"जोरमा दाबा, भाऊ," ती म्हणाली. "ज्याले उठनं शे, त्याले माती जड नही."

मित्रांनो, मी अजून त्याच पडवीत आहे. माझी एकच विनंती आहे. मला धुऊन, पुसून ठेवा, गंजू देऊ नका, आणि कुणी जिवंत माणूस मातीखाली असेल तर ही कुदळ कसली, हे विचारत थांबू नका. मात्र तापीबाई ज्याची वाट पाहते आहे, त्या दिवशी मला खुशाल कोपऱ्यातच राहू द्या. त्या पहिल्या रविवारी बायका पहाटे ख्रिस्ताच्या कबरीपाशी गेल्या, तेव्हा तिच्या तोंडावरची धोंड आधीच लोटलेली होती. तिथं कुणाच्या कुदळीची गरज पडली नव्हती.