त्यांच्या बाजूचा ब्रेक

"पाय काढा," मी हळूच म्हटलं.

ह्यांचा उजवा पाय टेबलाखालच्या फरशीवर घट्ट दाबलेला होता. आमचे हे मोटार चालवायला शिकवतात. तसल्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो आणि त्या ब्रेकवर ह्यांचं अर्धं आयुष्य गेलं आहे. त्यामुळे काही बिनसणार असं वाटलं, की पाय आपोआप खाली जातो. आम्हाला मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हाही त्यांनी असाच पाय दाबून धरला होता. तिथे त्याचा काही उपयोग नव्हता.

आज दत्तकाची शेवटची सुनावणी होती. तब्येतीचे दाखले झाले, शेजाऱ्यांना विचारून झालं, समाजसेविकेने घरी येऊन न्हाणीघराची कडीसुद्धा हलवून पाहिली. पोरगी उन्हाळ्यापासून आमच्याकडेच राहत होती. पण मूल कळतं असलं, की त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय आदेश निघत नाही. ही सात वर्षांची. ती 'नको' म्हणाली असती, तर तिची बॅग आम्हालाच भरावी लागली असती. रात्रभर माझ्या डोळ्यांपुढून ती बॅग हलली नव्हती.

न्यायाधीश बाईंनी तिला जवळच्या खुर्चीवर बसवलं आणि ह्यांच्याकडे बोट दाखवलं. "हे कोण गं?"

"सर," पोरगी म्हणाली.

शिकायला येणारे 'सर आहेत का?' विचारत दारात उभे राहतात, तेच तिने उचललं होतं. बाबा म्हण म्हणून कुणी तिच्या मागे लागायचं नाही, असं ह्यांनीच ठरवलेलं. मला तर ती काहीच म्हणत नाही, हवं असलं की बाही ओढते. मी त्यावरही खूश आहे. पण हे बाईंना कोण सांगणार? त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सर म्हणायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. सगळेच म्हणतात."

"बरं. ओरडतात का सर?"

ती विचारात पडली. टेबलाखाली पाय पुन्हा दाबला गेला. या वेळी माझाही दाबलेला होता.

"सायकलवर ओरडतात."

झालं, म्हटलं. इतक्या दिवसांचं सगळं पाण्यात.

"काय ओरडतात?"

"समोर बघ, समोर बघ, असं. गाडीत नाही ओरडत. गाडीत त्यांच्या बाजूला ब्रेक असतो ना. माझ्या सायकलला त्यांचा ब्रेकच नाही. म्हणून ते शेजारून पळतात आणि ओरडतात. मग त्यांना धाप लागते. मग मी त्यांना पाणी देते."

बाईंनी ह्यांच्या पोटाकडे एक नजर टाकली. त्यांना ते पळणं दिसलं असावं.

"मग काय, राहायचंय का यांच्याकडेच?"

"राहायला तर लागेलच," पोरगी म्हणाली. "मला अजून वळता येत नाही."

बाईंनी पेन उचललं.

सही झाली तरी हे खुर्चीतून उठेनात. "पाय आखडलाय," म्हणाले. डोळे कशाने भरले, ते मी विचारलं नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. गाडी मी ह्यांच्याकडूनच शिकले, लायसन्सही जुनं आहे, पण हे शेजारी नसताना मला चाक कधी मिळालं नव्हतं. आणि शेजारी असले, की माझ्याआधी ह्यांचाच पाय पडायचा.

"आणि तुम्ही?"

"मी मागे बसतो, तिच्याजवळ."

पोरीला पट्टा लावला, तशी ती ह्यांच्या दंडावर डोकं टेकून झोपून गेली. पुढच्या चौकात एक ट्रक अचानक थांबला. मी ब्रेक दाबला, जरा उशिरानेच. आता बोलणी बसणार म्हणून आरशात पाहिलं.

ह्यांनी तिचं कपाळ तळहाताने सावरून धरलं होतं. पाय जिथे होता तिथेच होता. हलला असता, तर ती जागी झाली असती.