मागचे स्प्रिंग

"मागे किती वजन बसतला, वयनी?" व्हॅनखालून बाहेर सरकत लवू मेस्त्रीने विचारले.

कसालच्या त्या गॅरेजातल्या बाकावर किशोरीचा नवरा हरिश्चंद्र इंजेक्शनच्या गुंगीत पडून होता. उपचारासाठी आठवड्यातून दोनदा देवगडहून इकडच्या इस्पितळात यायचे आणि प्रत्येक खड्ड्याला त्याच्या मणक्यातून कळ जायची.

"बेचाळीस," ती म्हणाली.

"पेट्ये?"

"किलो. हेंचा वजन."

लवू पाना पुसत राहिला. चार वर्षांपूर्वी आंब्याच्या पेट्यांसाठी हरिश्चंद्रानेच हे जाड स्प्रिंग इथे बसवून घेतले होते. धक्के शोषणारे शॉकअप मात्र जुनेच ठेवले. हंगाम सुरू झालेला, थांबायला वेळ कुणाला?

"तेव्हाच सांगलेलंय, जोडीन बदला. स्प्रिंग कडक, शॉकअप नरम. रिकामी गाडी उडतलीच. आता कडक शॉकअप घातले तर उडूची नाय, पण धक्को लागतलोच. नायतर मूळच्या मापाचे नरम स्प्रिंग, नि तेंका जुळणारे शॉकअप. पण मगे पेट्ये भरूक जमाचा नाय."

किशोरीने बाकाकडे पाहिले. यंदा आंब्याची पहिली खेप मीच नेणार, असे तो कालच म्हणाला होता.

"दादांका इचारू?"

"नको," ती म्हणाली. "नरम घाल."

दुपारपर्यंत दोन स्प्रिंग, दोन शॉकअप असे चारही नग बसले. दोघांनी धरून हरिश्चंद्राला मागच्या सीटवर निजवले. किशोरीने गाडी सुरू केली आणि गॅरेजसमोरच्या उखडलेल्या रस्त्यावरून एक फेरी मारून आणली. त्याने डोळे उघडले. तीस वर्षे गाडी हाकलेला माणूस. त्याला सांगावे लागले नाही.

लवू जुने स्प्रिंग मागे ठेवायला आला.

"ते हयच ठेव रे," हरिश्चंद्र म्हणाला. "आमच्या वाडीतल्या शिवाच्या गाडयेक बसतले. तेचे आंबे लवकर येतत."

"दादा, तुमका परत लागले तर…"

"आणि तेका सांग, शॉकअप पण बदल म्हणान. माझ्यासारखी घाई करू नको." तो किंचित हसला. मग आरशातून किशोरीकडे पाहून म्हणाला, "बरा केलंस गो. चल."

कणकवली मागे पडेपर्यंत त्याला झोप लागली होती. तळेऱ्यापर्यंत किशोरीने एकदाही हॉर्न वाजवला नाही.