दुसऱ्या यादीतलं नाव

सुतारीणबाईंची जागा चर्चमध्ये ठरलेली, तिसरा बाक, मधल्या वाटेला लागून. तिथे दुसरं कुणी बसलं तर बाई नुसत्या समोर उभ्या राहत, आणि तो माणूस आपणच सरके. हट्ट म्हणा हवं तर, पण त्याला कारण होतं. नवऱ्याचे, म्हणजे सुतारदादांचे, गुडघे कामातून गेलेले. बसताना कसेबसे बसत, उठायला मात्र बाईंचा हात लागे.

आज दर्यावर्द्यांच्या संताचा सण. हे चर्च इतकं जुनं की पायऱ्यांना मधोमध खळगे पडलेत. या सणाला तिथे दोन याद्या वाचतात. पहिली बोटीवर असलेल्यांची, सुखरूप परत यावेत म्हणून. ती बसून ऐकायची. दुसरी वारलेल्यांची, ज्यांच्या आठवणीसाठी घरच्यांनी चर्चला एखादी वस्तू दिली असेल. नाव आलं की घरच्यांनी उभं राहायचं. बस, एवढंच.

बाईंच्या मुलाचं नाव अकरा वर्षं पहिल्या यादीत होतं. बोट बुडाली म्हणे! बुडाली असेल, पण पोर सापडलं का कुणाला? नाही ना? मग! ज्यानं ज्यानं ‘आता मन घट्ट करा’ म्हटलं, त्याच्याशी बाईंनी बोलणं टाकलं. त्यात सख्खी जाऊही आली. दर शनिवारी त्या मुलाच्या पलंगावरची चादर बदलत, आणि चपला न काढताच आडवा होतो मेला, म्हणून रागावतसुद्धा.

फादरांनी पहिली यादी वाचली. बाई कान देऊन ऐकत होत्या. यादी संपली.

“अहो, आपलं राहिलं!” त्यांनी दादांना कोपरानं ढोसलं. “चिठ्ठी दिली होतीत ना?”

दादांची नजर वेदीजवळ पांढऱ्या कापडाखाली झाकलेल्या उंच वस्तूवर होती.

“अहो, मी काय विचारतेय?”

“दिली,” दादा म्हणाले. “दुसऱ्या यादीत दिली.”

तेवढ्यात फादरांनी त्या वस्तूवरचं कापड काढलं. मेणबत्त्यांचं स्टँड. दादा दोन महिने त्यावर खपत होते. कुणाचं काम विचारलं तर ‘चर्चचं’ म्हणत. लाकूड बाईंनी बघताक्षणी ओळखलं. बोटीवर जायच्या आधी पोर ज्यावर सुतारकाम करायचं, ते टेबल होतं. एकदा त्यावर सरसाचं गरम भांडं ठेवून त्यानं काळा गोल डाग पाडला होता आणि बापाची बोलणी खाल्ली होती. रंधा मारला असता तर डाग सहज गेला असता. दादांनी तो तसाच ठेवला होता.



“मारलंत माझ्या पोराला,” त्या कशाबशा म्हणाल्या. “स्वतःच्या हातानं मारलंत.”

“अगं, माझे दिवस किती राहिलेत?” दादांचा आवाज फाटला. “मी गेल्यावर त्याच्यासाठी उभं कोण राहणार? तू तर राहायची नाहीस.”

फादरांनी नाव वाचलं.

दादांनी पुढचा बाक घट्ट धरला. अर्धे उठले आणि धपकन खाली बसले. पुन्हा उठले, पुन्हा बसले. बाई हात मांडीवर आवळून बसून होत्या. नाही उठणार म्हणजे नाही! दादा तिसऱ्यांदा धडपडले. त्यांची बोटं पांढरी पडली होती. मागच्या बाकावरचा माणूस त्यांना धरायला वाकला.

“राहू दे,” बाई त्याला म्हणाल्या.

त्यांनी दादांच्या काखेत हात घातला. बसल्या बसल्या त्यांना उचलणं कधीच जमलं नव्हतं. बाई उठल्या.

दोघं उभी राहिली. सगळं चर्च बघत होतं. रीतीप्रमाणे आता बसायचं, म्हणजे पुढचं नाव येतं. दादांनी हलकेच त्यांचा पदर ओढला.

“बस आता.”

“थांबा हो जरा,” बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे वाहत होते आणि त्या पुसत नव्हत्या. “एकदा बसले की संपलं.”

फादर कागदावर बोट ठेवून थांबले.