तिसरा ड्रॉवर

पहिल्या परीक्षेत मी नापास झालो, आणि तेही चहा करण्याच्या.

चाळीस वर्षं मी कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होतो. दोन पत्र्यांमधला केसाएवढा फरक मला बोट फिरवून कळायचा आणि साहेब लोक मोजायची यंत्रं बाजूला ठेवून मला विचारायला यायचे. अशा माणसाला पुनर्वसन केंद्रातल्या नकली स्वयंपाकघरात उभं केलं आणि मुलीच्या वयाच्या थेरपिस्ट बाईंनी यादी वाचून दाखवली. शर्टाची बटणं लावा. अंडं उकडून सोला. टोमॅटो चिरा. जॅमची नवी बाटली उघडून पावाला लावा. चहा करून कपात ओता. वेळ पाऊण तास. कोणी हात लावणार नाही, पण घरची कुठलीही वस्तू सोबत आणलेली चालेल.

मी काहीही नेलं नव्हतं. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून उजवा हात खांद्याला नुसता टांगलेला आहे, पण डावा शाबूत होता आणि डोकं शाबूत होतं. तेवढं पुरेल असं मला वाटलं. टोमॅटो चिरायच्या पाटावरून दोनदा पळाला. बाटली गुडघ्यांत धरली ती सटकून टेबलाखाली गेली. शेवटी भरलेली किटली उचलली, तर डाव्या मनगटाला भार पेलेना आणि उकळतं पाणी उजव्या अंगठ्यावर पडलं. त्या अंगठ्याला आता काही कळत नाही. तो लालभडक झालेला दिसला म्हणून मी हात गुपचूप खिशात घातला आणि म्हणालो, "झाला चहा."

बाईंनी माझा हात खिशातून काढून नळाखाली धरला.

"सांडलं म्हणून नापास करत नाहीये, काका," त्या म्हणाल्या. "लपवलंत म्हणून करतेय. घरी एकटे असाल तेव्हा तुम्ही हेच करणार. तीन आठवड्यांनी परत या. त्यानंतर मात्र मला तुमच्या मुलीला काय ते लिहून द्यावं लागेल."

मुलीला लिहून देणं म्हणजे काय, ते मला पक्कं ठाऊक होतं. ती इथून पाच तासांवर राहते. मला झटका आल्यावर रजा काढून आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने स्वच्छ सांगितलं: "बाबा, परीक्षा पास झालात तर इथे एकटे राहा, मी एक शब्द काढणार नाही. नाही झालात तर घर बंद करायचं आणि माझ्याकडे यायचं." तिचं घर चांगलं आहे, जावई भला माणूस आहे. पण तिथे मी दिवसभर सोफ्यावर बसणार, कोणीतरी पेला हातात देणार, आणि मी थँक्यू म्हणणार. माझं घर दोन खोल्यांचं आहे, खिडकीत वस्तू आवळून धरणारं वाइस लावलेलं माझं कामाचं बाक आहे, आणि मला तिथेच राहायचं होतं. मरायचंही तिथेच होतं, पण हे मुलीला सांगण्यात अर्थ नव्हता.

परीक्षेहून परत आल्यावर सगळ्यात आधी मी स्वयंपाकघरातला तिसरा ड्रॉवर उघडला.

हा ड्रॉवर म्हणजे हिचा, माझ्या बायकोचा. हिला जाऊन दोन वर्षं झाली, पण त्याला कोणी हात लावला नव्हता. शेवटची सहा-सात वर्षं हिला नवनवीन वस्तूंचं वेड लागलं होतं. केळं कापायची, केळ्याच्याच आकाराची जाळी. सेलवर आपोआप ढवळणारा मग. पातेल्याच्या काठाला चिमटे लावून बसणारा लाल खेकडा, त्याने म्हणे डाव धरून ठेवायचा. पार्सल आलं की मी तोंड सोडायचो. "भंगारवाल्याशी सोयरीक जमवलीस का?" ही हसायची, आणि तो खेकडा दोन दिवस मुद्दाम माझ्या ताटासमोर ठेवायची.

तर तो सगळा ड्रॉवर मी टेबलावर उपडा केला. मुलगी समोर वर्तमानपत्र वाचत होती.

"काय शोधताय?"

"हत्यारं," मी म्हणालो.

हत्यारं आली की फिटर आधी त्यांचे दोन ढीग करतो, कामाची आणि बिनकामाची. नुसतं बघून हे कळत नाही, झीज बघावी लागते. केळ्याची जाळी कोरी करकरीत. मगच्या तळाचं लेबलसुद्धा तसंच. खेकडा एकदाही वाफेवर गेलेला नव्हता. हे सगळं डावीकडे.

उजवीकडे मात्र वेगळाच माल जमायला लागला. लाकडी मुठीला तारेचा फासा लावलेली एक वस्तू होती. ती बटणं लावायला असते, हे मला मागाहून कळलं. तिची मूठ वापरून वापरून गुळगुळीत झाली होती. घट्ट झाकणं फिरवायची पिवळी रबरी चकती मधोमध विरली होती. मुठीत दाबली की आपोआप उघडणारी स्प्रिंगची कात्री होती, तिची धार दोनदा लावलेली दिसत होती. खाली रबरी पाय आणि वर दोन स्टीलचे काटे असलेला पाट होता, काट्यात भाजी खोचायची की ती हलत नाही. चमच्यांच्या दांड्यांवर जाड फोमच्या नळ्या चढवलेल्या होत्या. किटली बसवायचा तारेचा पाळणा होता. त्यात किटली ठेवली की उचलावी लागत नाही, नुसती कलवायची.

मी चकती हातात घेतली. बोटांनी धरलेली वस्तू कडेला झिजते. ही मधोमध झिजली होती, म्हणजे तळहाताने दाबून वापरलेली. मुठीचंही तेच. कात्रीचंही. एकाही वस्तूवर बोटांच्या पकडीची खूण नव्हती.

चाळीस वर्षं झीज बघून कुठल्या कारागिराचा कुठला सांधा दुखतो ते मी सांगत असे. आणि घरात समोरासमोर जेवणाऱ्या बाईची बोटं गेलेली मला दिसली नव्हती.

"तुझ्या आईचे हात कधीपासून दुखत होते?" मी विचारलं.

मुलीने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"सहा वर्षं," ती म्हणाली. "शेवटी शेवटी मूठ मिटत नव्हती. कामाच्या वस्तू मी पाठवायचे."

"आणि हा खेकडा?"

"तो तिने स्वतः मागवला. म्हणायची, चार विनोदी वस्तू मध्ये असल्या की तुझे बाबा सगळ्यालाच हसतात, आणि मग काही विचारत नाहीत."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?"

काय केलं असतं ते मला चांगलंच ठाऊक होतं. तिला खुर्चीत बसवलं असतं, स्वयंपाकाला बाई ठेवली असती, आणि वर ऐकवलं असतं की तुझ्या भल्यासाठीच करतोय. तिला तिच्या ओट्यापुढून उठवलं असतं. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. रागही आला, तिचा, मुलीचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

मग आठवलं. ओट्यावरच्या फळीखाली पत्र्याची एक दातेरी खाच बसवलेली आहे. बाटलीचं झाकण तिच्यात अडकवून बाटली फिरवली की झाकण सुटतं. माझं कपाळ तिच्यावर कितीदा आपटलं असेल याची गणती नाही. एकदा चिडून मी ओरडलो होतो, हे कुठल्या शहाण्याने बसवलं? ही शांतपणे म्हणाली होती, शहाणीने. तेव्हाही मला प्रश्न पडला नाही की घरात फिटर असताना हिने मला स्क्रू मारायला का नाही सांगितलं.

"ती खाच तू बसवलीस?"

"हो."

"वाटलंच. स्क्रू वाकडे आहेत."

मुलगी हसली आणि लगेच डोळे पुसायला लागली. मी उठलो आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन फळीखाली वाकलो. ती मदतीला आली तेव्हा मी म्हणालो, "बस तिथेच." डाव्या हाताने चार स्क्रू काढायला मला दीड तास लागला. ती खाच मी एका फळकुटावर बसवली, आणि फळकूट कुठल्याही टेबलाला आवळता येईल असा क्लँप लावला. त्यात पुढचे दोन दिवस गेले.

मग तीन आठवडे मी कामाला जुंपलो. सकाळी टोमॅटो, दुपारी अंडी, संध्याकाळी बाटल्या. उकडलेलं अंडं ड्रॉवरमधल्या झाकणाच्या डबीत थोड्या पाण्यासकट घालून हलवलं की साल आपोआप सुटतं, हे मला त्या डबीतल्या चऱ्यांवरून कळलं. बटणाच्या फाशाने मला रडकुंडीला आणलं. पहिल्या दिवशी पाच बटणांना चाळीस मिनिटं लागली आणि सगळी एका घराने चुकली. मी शर्ट फेकून दिला, थोड्या वेळाने उचलला आणि परत सुरुवात केली. हिने हे सहा वर्षं केलं होतं, दोन्ही हात दुखत असताना, आणि वर माझी टवाळी ऐकत. मला एका हाताने तीन आठवडे जमू नये म्हणजे काय.

"बाबा, जॅमच्या चौदा बाटल्या उघड्या पडल्यात," मुलगी एकदा म्हणाली.

"खा," मी म्हणालो.

परीक्षेच्या दिवशी मी पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर ओळीने मांडली. बाई पेन खाली ठेवून जवळ येऊन बघायला लागल्या. मी क्लँप आवळला. बटणं सहा मिनिटांत लागली. टोमॅटो काट्यात गप्प बसला. अंड्याचं साल एका दमात निघालं. बाटलीचं झाकण दातेरी खाचेत फिरवताना टक् आवाज आला. हा आवाज मी स्वयंपाकघरातून कितीतरी वर्षं ऐकत आलो होतो आणि त्यावर ओरडत आलो होतो, की काय खुडबुड चाललीये.

किटली पाळण्यात कलवताना वाफ डाव्या मनगटाला लागली.

"भाजलं," मी मोठ्याने म्हणालो. "चहा थांबवतो, आधी पाण्याखाली धरतो."

धरलं, पुसलं, आणि मग उरलेला चहा ओतला. बाईंनी घड्याळ बघितलं. एकेचाळीस मिनिटं झाली होती. त्यांनी कागदावर सही केली.

"हे सगळं इतकं विचार करून कोणी जमवलं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या बायकोने," मी म्हणालो. "माझी नजर चुकवून."

घरी आल्यावर आधी मी ती खाच पुन्हा फळीखाली लावली. माझ्या उंचीला ती सरळ आणि चार बोटं वर लावता आली असती. मी जुन्याच भोकांत लावली, वाकड्या स्क्रूंसकट.

मुलगी आतल्या खोलीत बॅग भरत होती. दुसऱ्या दिवशी तिची रजा संपत होती. शब्द दिला होता म्हणून ती काही बोलत नव्हती, पण एकच साडी तिने तीनदा घडी घालून ठेवली. मी दारात उभा राहिलो. पास झालो होतो, घर माझंच राहिलं होतं, आणि आता तोंड उघडायची काही गरज नव्हती. पण भाजलेला अंगठा पुन्हा खिशात लपवायचा नाही, एवढं मी ठरवलं होतं.

"एक काम मला जमत नाही," मी म्हणालो. "डाव्या हाताची नखं. ती कापायला उजवा हात लागतो. सगळं करून बघितलं, त्याला ड्रॉवरमध्येही काही नाही. महिन्यातून एकदा येशील का?"

तिचे हात थांबले.

"आईचीही मीच कापायचे," ती म्हणाली. "तिला नेलकटर दाबता येत नव्हतं."

ही असताना दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलगी यायची. जेवणं झाली की मायलेकी या खोलीत शिरून आतून कडी लावायच्या, अर्धा अर्धा तास. मी बाहेरून दारावर थाप मारून म्हणायचो, काय खलबतं चालली आहेत, आम्हांलाही कळू द्या. आतून दोघी हसायच्या.

मी पलंगावर तिच्या शेजारी बसलो आणि डावा हात तिच्या मांडीवर ठेवला. ती नेलकटर घ्यायला उठली आणि जाता जाता सवयीने दार ओढून घ्यायला लागली.

"राहू दे," मी म्हणालो. "उघडंच असू दे."