सापडलात एकदाचे

"मावशी, अजून एक टेक घेऊ या. आणि जरा मोकळं होऊ दे," काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला.

तिनं हेडफोन सारखा केला. समोरच्या छोट्या पडद्यावर पुन्हा ते बंदर आलं. सिनेमा विनोदी होता, परभाषेतला. एक कुटुंब परदेशी सहलीला जातं आणि सगळ्याचाच बोजवारा उडतो. बॅगा भलत्याच विमानात जातात, आजोबा दुसऱ्याच हॉटेलात शिरून कुणाच्या तरी लग्नात नाचून येतात, आणि आई चुकीच्या थांब्यावर उतरून हरवते. त्या आईला तिनं आपल्या भाषेत बोलतं करायचं होतं. उभा जन्म तिनं पडद्यावरच्या आया, आत्या, सासवा बोलत्या केल्या होत्या. म्हणून तर स्टुडिओत ती सगळ्यांची मावशी.

हरवलेली आई बंदराच्या कठड्यावर बसते, पाय हलवत काहीतरी गुणगुणते, तो तुकडा तिनं सकाळी पहिल्याच फटक्यात दिला होता. रेकॉर्डिस्टनं मशीन थांबवून विचारलंही होतं, "मावशी, हे कुठून आणलंत?"

घोडं अडलं होतं त्याच्या पुढे. घरचे धावत येतात आणि आई ओरडते, "सापडलात एकदाचे! कुठे हरवला होतात?" इथं थिएटर डोक्यावर घेणार होते लोक. आणि इथंच तिचा आवाज कोरडा पडत होता.

"ओठ जुळतायत," दिग्दर्शक म्हणाला. "पण आनंद येत नाहीये. तिला घरचे सापडलेत, मावशी."

"हो ना," ती म्हणाली. "म्हणूनच तर."

रेकॉर्डिस्ट हसला. त्याला वाटलं, मावशींनी कोटी केली.

तेवढ्यात तिचा फोन थरथरला. शेजारीण होती. "ताई, भाऊजी जेवत नाहीयेत. ताट सरकवून दिलंय."

"त्यांच्या कानाला लावा."

पलीकडून फक्त श्वास ऐकू आला. तिचा नवरा बाजारात लिलाव पुकारायचा. त्याच्या आवाजानं सगळा बाजार जागा व्हायचा. पक्षाघातानं उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तेव्हापासून दोघांचं बोलणं तीच एकटी बोलत होती. डॉक्टरांशी, पाहुण्यांशी, फोनवर मुलीशी. 'बाबा म्हणतायत, तब्येतीला जप.' तो काय म्हणतोय हे तिला खरंच कळायचं, की ती आपल्या मनाचं सांगायची, हे आता तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"जेवून घ्या," ती फोनमध्ये म्हणाली. "येतेच आहे मी. नाही हो, उशीर नाही होणार. बरं, चिडू नका. चुकलंच माझं. जेवा आता."

फोन पर्समध्ये टाकून ती माइकसमोर उभी राहिली. पोटात श्वास भरला, खांदे सैल सोडले, आणि नाटकात होती तेव्हा शिकलेलं हसू गळ्याच्या तळापासून वर ओढलं. "सापडलात एकदाचे! कुठे हरवला होतात?"

काचेपलीकडे दोघंही खदखदून हसले. "बास. हेच हवं होतं," दिग्दर्शक म्हणाला.

चार भिंतींच्या त्या बंद खोलीतून निघून ती घरच्या खोलीत गेली. ताट तसंच होतं. तिनं ते गरम केलं आणि त्याला भरवलं.

सिनेमा लागला तेव्हा स्टुडिओनं तिला पास दिले. आजारपणानंतर त्यानं दवाखान्याखेरीज बाहेरचं काही पाहिलं नव्हतं. "चला, आपणही परदेश बघून येऊ," ती म्हणाली. शेजारणीला सोबत घेतलं. थिएटरवाल्यानं त्याची चाकाची खुर्ची कडेच्या रांगेला लावून दिली.

आजोबांच्या नाचाला तो हसला, अर्ध्या चेहऱ्यानं. तिला बरं वाटलं. मग बंदर आलं. कठड्यावर एकटी बसलेली बाई गुणगुणू लागली तसा तो पडद्यावरून नजर काढून बायकोकडे बघू लागला. तिनं मान वळवली नाही. घरात तो जागा असताना ती कधी गुणगुणली नव्हती.

मग घरचे धावत आले. आई ओरडली, "सापडलात एकदाचे!" सगळं थिएटर हशानं फुटलं. शेजारीण तर डोळे पुसत होती. तो हसला नाही. डावा हात मांडीवर ठेवून तसाच बसून राहिला.

बाहेर पायऱ्यांशेजारच्या उतारावर गर्दी ओसरायची वाट बघत तिघं थांबली.

"काय भाऊजी," शेजारीण म्हणाली, "ताईंनी धमाल केली की नाही? कसा वाटला सिनेमा?"

"आवडला त्यांना," ती सवयीनं म्हणून गेली.

त्यानं डावा हात वर करून तिला थांबवलं. ओठ वाकडे झाले, गळ्याची शीर तटतटली. पुष्कळ वेळ नुसती हवाच बाहेर येत राहिली. शेजारीण अवघडून दुसरीकडे बघू लागली. ती मात्र वाकून उभी राहिली, त्याच्यासाठी एकही शब्द न बोलता.

"खो," तो म्हणाला. थांबला. "टं."

त्याच्या डोळ्यांत राग नव्हता.

"काय म्हणाले?" शेजारणीनं विचारलं.

"छान होता म्हणतात," ती म्हणाली, आणि खुर्ची सुटून जाऊ नये म्हणून दोन्ही हातांनी मागे ओढून धरत हळूहळू उतार उतरू लागली.