दुखण्याची जागा

नर्स गंगूताईंनी रुक्माबाईच्या पाठीवर तळवा दाबून धरला आणि सुई आत गेली.

"हलू नका बाई. श्वास घ्या, सोडा."

रुक्माबाईनं टेबलाची कड आवळून धरली. पालथं पडल्यामुळे तिला फक्त फरशी दिसत होती आणि डॉक्टर कान्हेगावकरांच्या चपला. सुई खोल गेली, हाडाशी थांबली, किंचित सरकली. मग आत काहीतरी दाटत गेलं.

"झालं," डॉक्टर म्हणाले. "मणक्यांमधले बारीक सांधे बधीर केलेत. दुखणं तिथलं असेल तर थोड्या वेळात जाईल. नसेल तर दुसरी जागा बघू. पण जे असेल ते खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका."

ते बाहेरच्या रोग्यांकडे गेले. गंगूताई सिरिंज उकळायला आतल्या खोलीत गेल्या, आणि तेवढ्यात तिचा नवरा मुंजाजी दार लोटून आत आला.

धाकटी पोरगी झाल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, त्याच्या बायकोची कंबर धरली होती. वाकता येत नव्हतं, घागर उचलवत नव्हती, लेकरू कडेवर घेतलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. लेप झाले, शेक झाले, अंगारे झाले. औरंगाबादच्या एका मोठ्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं, पण गुण येईलच असं काही तो म्हणाला नाही. पुसेगावात बाया उघड बोलू लागल्या होत्या की दिसायला काही नाही, खाणंपिणं ठीक आहे, म्हणजे कामाचा कंटाळा. शेवटी मुंजाजीच्या आईनं, सखुबाईनं, निकाल दिला होता. हिंगोलीचा हा एक डॉक्टर बघायचा. त्यालाही काही सापडलं नाही, तर रुक्माला कळमनुरीला माहेरी पोचवायचं. लेकरं इथंच राहतील.

"कमी आलं का?" मुंजाजीनं दबक्या आवाजात विचारलं.

रुक्माबाई दोन्ही हातांवर जोर देत उठली, टेबलावरून हळूहळू पाय खाली सोडून उभी राहिली. डाव्या अंगाला, कमरेच्या खाली, नेहमीची कळ नेहमीच्या जागी होती.

"न्हाई."

"आलं म्हण." तो जवळ सरकला. "आई भाईर उभी हाय. आलं म्हण आन घरी चल. पुढचं पुढं बघू."

"आन उद्या घागर उचल म्हणल्या तर?"

"मी उचलीन."

"किती दिस उचलसाल?"

मुंजाजीनं टोपी काढली आणि हातात चुरगाळत राहिला.

डॉक्टर परत आले. त्यांच्यामागून सखुबाईही दारात येऊन उभी राहिली. सकाळपासून ती बाकावर टेकली नव्हती. गेल्या साली नसबंदीच्या गाड्या गावोगाव फिरल्यापासून सुईचं नाव काढलं तरी तिच्या कपाळाला आठी पडायची, आणि आज तर तिनं वाटेत एक शब्द उच्चारला नव्हता.

"चालून दाखवा," डॉक्टर म्हणाले.

रुक्माबाई भिंतीपर्यंत गेली, परत आली. तिघंही तिच्या पायांकडे बघत होते. मुंजाजीचे ओठ न बोलता हलले. तिनं पदर सारखा केला, पुन्हा सारखा केला. एकच शब्द बोलायचा होता. तो बोलली तर आज रात्री दोन्ही लेकरं तिच्या कुशीत झोपणार होती.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "हाय तसंच हाय."

मुंजाजीनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

"मी म्हणलंच व्हतं," सखुबाई म्हणाली.

डॉक्टरांना मात्र वाईट वाटलेलं दिसलं नाही. "बरं झालं. म्हणजे मणका नाही. झोपा परत." त्यांनी कमरेखाली, जिथं खळी पडते तिथं अंगठा दाबला, आणि रुक्माबाईच्या तोंडून किंकाळी निघाली. "इथं कमरेचं हाड माकडहाडाच्या वरच्या हाडाला जुळतं. बाळंतपणात हा सांधा सैलावतो. कधीकधी तसाच धरून बसतो."

दुसरी सुई पहिलीपेक्षा जास्त दुखली. मग पुन्हा वाट बघणं आलं. बाहेर कोणीतरी खोकत होतं.

बऱ्याच वेळानं रुक्माबाई लुगडं सावरत खाली उतरली, आणि गंगूताई थबकल्या.

"बाई, तुम्ही कशाचा आधार न घेता उतरलात."

रुक्माबाईनं आपल्या हातांकडे पाहिलं. ती खाली बसली, उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. हसावं की रडावं हे तिला कळेना. मुंजाजी मात्र मोठ्यानं हसला.

"मघा न्हाई, आता व्हय," सखुबाई दारातून म्हणाली. "समदं सोंग हाय."

"सोंग असतं तर पहिल्याच सुईला गेलं असतं, आजी. तिनं तेव्हा नाही म्हटलं म्हणून तर मला जागा सापडली." डॉक्टर हात धुऊ लागले. "पण ऐका. हा बधिरपणा दिवेलागणीपर्यंत उतरेल. कळ परत येईल. तिथंच आली तर माझी खात्री पटेल. दुसरं एक औषध आत सोडलंय, ते सावकाश काम करतं. पुढच्या आठवड्यात या. बहुतेक ऑपरेशन लागणार नाही."

"परत येईल?" मुंजाजीचं हसू मावळलं. सखुबाई सुनेच्या कमरेकडे बघत राहिली.

घरी पोचल्यावर रुक्माबाईनं आडावरून पाणी आणलं. धाकटीला कडेवर घेऊन अंगणात फिरवलं. शेजारणी कुडाआडून बघत होत्या, त्यांना बघू दिलं. पण ऊन उतरू लागलं तसं तिचं लक्ष सारखं कमरेकडे जाऊ लागलं. भाकरी थापायला बसली तेव्हा आधी नुसतं जडपण आलं, मग डाव्या अंगाला ओळखीची कळ उठली. उंबऱ्यात बसलेल्या मुंजाजीनं तिचा हात परातीत थांबलेला पाहिला. तो उठून गोठ्याकडे गेला.

थोड्या वेळानं, पहिली भाकर तव्यावर पडली तेव्हा, सखुबाई आत आली.

"आली?"

चुलीच्या उजेडात तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"व्हय, आत्याबाई. तिथंच आली."

सखुबाईनं मागं वळून दार लोटून घेतलं.

"कुठं दाबलं व्हतं त्यानं? बराबर दाखव."

रुक्माबाई परातीवरून उठली आणि तिच्याकडे पाठ करून पदर बाजूला घेऊ लागली.

"तुझ्या न्हाई," सखुबाई म्हणाली. "माझ्या."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. रुक्माबाईनं हाताचं पीठ लुगड्याला पुसलं, बोटांनी चाचपत ती खळी शोधली आणि अंगठा दाबला. सखुबाईच्या तोंडून आवाज निघाला नाही. फक्त कोनाड्याची कड तिनं दोन्ही हातांनी धरली, आणि कडेची माती तिच्या बोटांतून खाली सांडत राहिली.

"कवापासून, आत्याबाई?"

"मुंजा झाल्यापासून."

रुक्माबाईनं अंगठा काढला, पण हात तिथंच राहू दिला.

"भाकर करपून राहिली," सखुबाई भिंतीकडे बघतच म्हणाली. "उलथ ती."